मोटर भरली तरी पुन्हा जळते: सोसायटीच्या पंपाची झीज कशी ओळखायची आणि देखभाल कशी आखायची

तक्रार जवळपास सगळीकडे सारखीच असते. "मोटर जळाली, भरून आणली, पाच-सहा महिने चालली, परत जळाली." वायरमन म्हणतो व्होल्टेज खराब आहे. प्लंबर म्हणतो मोटरच हलकी घेतलीय. मोटर भरणारा म्हणतो आत पाणी गेलं होतं. शेवटी कमिटी कंटाळून नवीन पंप घेते, तो दीड-दोन वर्षं नीट चालतो, आणि मग तीच तक्रार नव्या पंपाची सुरू होते.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, पण तिघेही शेवटचा टप्पा सांगत असतात. वायडिंग, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळ्या, जळणं ही या गोष्टीतली शेवटची घटना आहे. तिच्या आधी काही महिने पंपातला दुसराच एखादा भाग हळूहळू झिजत आलेला असतो. तो भाग न बदलता नुसती मोटर भरली, म्हणजे जळालेलं वायडिंग काढून नवं घातलं, तर नवं वायडिंगही त्याच वाटेने जातं. म्हणून "मोटर कोणाकडून भरायची" हा प्रश्न जरा बाजूला ठेवून आधी "काय झिजतंय आणि ते केव्हा कळतं" हे बघू.

इथे डोळ्यांसमोर धरलाय तो नेहमीचा पंप: 5 एचपी, थ्री फेज, मोनोब्लॉक, भूमिगत टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा. पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेणारा. तुमचा लहान-मोठा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

जळालेलं वायडिंग फेकायच्या आधी बघा

मोटर भरायला दिली की दुकानदाराला एवढंच सांगा: "जुनं वायडिंग कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवा." हा फोटो फुकट मिळतो आणि निम्मं निदान करतो.

सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील, तर मोटर बराच वेळ जास्त भाराखाली चालली किंवा जाम होऊन उभी राहिली. बेअरिंग धरलं असेल, इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या चक्रात) काही अडकलं असेल, व्होल्टेज सतत कमी असेल. आणि जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले तेव्हा ट्रिप झाला नाही. काही कॉइल काळ्या आणि काही अगदी कोऱ्या असतील, तर एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली. स्टार आणि डेल्टा या कॉइल एकमेकींना जोडण्याच्या दोन पद्धती; स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल जळतात आणि एक वाचते, डेल्टा जोडणीत बहुतेक एकाच फेजच्या जळतात. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजमधला करंट तेवढ्याच भाराला जवळपास 1.73 पट होतो. म्हणजे साडेसातचा तेरा.

तिसरी खूण एकाच जागी जळण्याची. बाकी वायडिंग ठीक, पण एका ठिकाणी भोक पडल्यासारखं वितळलंय. अशा वेळी रोटर (मोटरचा फिरणारा भाग) आणि स्टेटरच्या (त्याभोवतीच्या स्थिर भागाच्या) आतल्या पृष्ठभागावर चकाकणारे घासल्याचे पट्टे आहेत का ते जरूर बघायला सांगा. असतील तर दोष विजेचा नाही. बेअरिंग इतकं सैल झालं होतं की रोटर खाली बसून स्टेटरला घासत होता.

पुन्हा पुन्हा भरल्या जाणाऱ्या मोटरमध्ये या तिसऱ्या प्रकाराकडे मी सगळ्यात आधी बघेन, कारण तो मोटर भरून सुटतच नाही.

सीलपासून वायडिंगपर्यंत

मोनोब्लॉक पंपात मोटरचाच शाफ्ट पुढे वाढवून त्यावर इंपेलर बसवलेला असतो. पाणी मोटरकडे येऊ नये म्हणून मध्ये मेकॅनिकल सील असतं: कार्बनची एक चकती आणि सिरॅमिकची किंवा सिलिकॉन कार्बाइडची दुसरी, स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या. दोन्हींच्या मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर असतो, त्यावर त्या फिरतात. पंप कोरडा चालला की हा थर जातो आणि चकत्या तापून तडकतात. त्याला तास लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात. टँकरच्या पाण्यातून आलेली बारीक रेती आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार हेच काम सावकाश करतात.

सील झिजलं की पहिल्यांदा पंपाखाली ओल दिसते. मग थेंब. मग बारीक धार. सील आणि मोटर यांच्या मध्ये शाफ्टवर पाणी उडवून लावणारी एक रबरी रिंग असते. तीही जुनी झालेली असते. पाणी शाफ्टवरून पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचतं, ग्रीस धुऊन नेतं, बेअरिंगला गंज चढतो. बेअरिंग आधी बारीक शीळ घालतं, नंतर घरघरतं, आणि शेवटी शाफ्टला खेळ येतो.

इथेच खरी गोम आहे. शाफ्टला खेळ आला की सीलच्या चकत्या एकमेकींवर सपाट बसत नाहीत आणि सील आणखी लवकर जातं. म्हणजे सीलमुळे बेअरिंग जातं आणि बेअरिंगमुळे सील. प्लंबर येतो, गळती बघतो, नवीन सील टाकतो आणि जातो; बेअरिंग तसंच राहतं, तीन महिन्यांत पुन्हा गळती. मोटरवाला येतो, बेअरिंग बदलतो. सील तसंच राहतं, पाणी नव्या बेअरिंगमध्ये. दोघांनीही आपापलं काम चोख केलेलं असतं, पण दोन्ही भागांचा एकत्र विचार कोणीच केलेला नसतो. "दर चार महिन्यांनी सील बदलतोय" अशी तक्रार असेल तर सीलचा ब्रँड बदलत बसू नका, शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. मेन बंद करून, फ्यूज काढून. हाताला खेळ जाणवला तर नवं सील टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

याच्याच जोडीला आणखी दोन जागा तपासायच्या. सील जिथे बसतं तिथे शाफ्टवर खाच पडलीय का? असेल तर नवीन सीलचं रबर त्या खाचेवर घट्ट बसणार नाही. आणि बेअरिंगचं घर मोठं झालंय का? मोटरच्या कव्हरमध्ये बेअरिंगची बाहेरची रिंग सैल फिरत असेल तर काही मिस्त्री घराला पंच मारून बेअरिंग घट्ट बसवतात. तो इलाज आठवड्यांचा आहे. लेथवर बोअर करून बुश बसवून घेणं किंवा कव्हर बदलणं एवढेच दोन मार्ग आहेत.

झीज दिसते, फक्त मोजायला हवी

हळूहळू झिजणाऱ्या भागांची एक चांगली बाजू आहे. ते आधी सांगतात. मात्र आजची स्थिती आज बघून काही कळत नाही. महिन्यापूर्वी काय होती ते लिहिलेलं असावं लागतं. पंपाच्या खोलीत दोरीला बांधलेली एक वही आणि पेन, इथून सुरुवात.

सगळ्यात स्वस्त मोजमाप म्हणजे टाकी भरायला लागणारा वेळ. गच्चीवरच्या टाकीत दोन खुणा करा आणि पाण्याचा वापर नसेल अशा वेळी, दुपारी किंवा रात्री, खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती मिनिटं लागतात ते महिन्यातून एकदा लिहा. दोन खुणांमध्ये 10,000 लिटर बसत असतील आणि 50 मिनिटं लागत असतील तर पंप मिनिटाला 200 लिटर देतोय. तेच 60 मिनिटांवर गेलं तर 167 लिटर. पंप अजून "चांगला चालतोय", कुणाची तक्रार नाही, पण सहाव्या हिश्श्याचं पाणी कुठेतरी अडतंय किंवा परत जातंय: इंपेलर झिजलाय, सक्शन पाइपच्या खालच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा आहे, सक्शन पाइप हवा ओढतोय, नाहीतर दोन पंप असतील तर बंद असलेल्या पंपाचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नीट बसत नसल्याने पाणी त्यातून उलटं खाली येतंय. शिवाय मोटर रोज वीस टक्के जास्त वेळ चालतेय, म्हणजे बाकीच्या सगळ्या भागांची झीजही तेवढी वाढली.

दुसरं मोजमाप करंटचं. वायरभोवती पकडून करंट मोजणारा टाँग टेस्टर आता फार महाग राहिलेला नाही. तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा लिहायचा, सोबत व्होल्टेजही. करंट वाढला तर सगळे सावध होतात, पण कमी झाला तर "बरं झालं, वीज वाचली" असं म्हणतात. तसं नाही. अशा सेंट्रिफ्यूगल पंपात पाणी कमी वाहिलं की करंट कमी होतो. साडेसातचा साडेपाच झाला असेल तर पंपाला पाणी मिळत नाही असं समजा आणि लगेच सक्शन बघा, कारण पुढची पायरी कोरडं चालण्याची आहे.

तीन फेजमधला फरकही बघायचा. व्होल्टेजमध्ये थोडी तफावत असली की करंटमध्ये ती सहा ते दहा पट होऊन दिसते. व्होल्टेजच्या तफावतीच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करा. साधारण तितके टक्के मोटरची तापमानवाढ जास्त होते. साडेतीन टक्के तफावत म्हणजे जवळपास पंचवीस टक्के जास्त तापणं. आणि वायडिंगचं इन्सुलेशन दर दहा अंश सेल्सिअस जादा तापमानाला निम्मं आयुष्य गमावतं, हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणून "मोटर जरा गरम लागते, पण चालतेय" हे वाक्य कुणी म्हटलं की वहीत तारीख टाकून लिहून ठेवा.

तिसरं मोजमाप मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचं. ते वायरमनकडूनच करून घ्या, स्टार्टरकडून येणाऱ्या वायर मोटरपासून सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने, एक मिनिट व्होल्टेज धरून. मोटर थंड असताना, म्हणजे सकाळी पंप चालू व्हायच्या आधी, दर वेळी त्याच स्थितीत. इन्सुलेशनचा रोध तापमानानुसार खूप बदलतो. दहा अंशांना तो निम्मा होतो. गरम मोटरचा आकडा थंड मोटरच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. 415 व्होल्टच्या मोटरला एक मेगओहम ही अगदी किमान पातळी समजली जाते, पण त्या एकाच्या भरवशावर राहू नका. गेल्या वर्षी 200, दिवाळीत 80, आता 15, असा उतार दिसला तर पंधरा हा आकडा एकाच्या वर असूनही मोटर संकटात आहे. अशी मोटर वेळेत उघडून, वाळवून, वॉर्निश करून वाचते.

उरलं कानाने ऐकणं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाच्या हाडाला, पंख्यापासून आणि फिरत्या भागांपासून दूर राहून. रोज ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. पंप चालवणारे वॉचमनकाका अनेकदा इंजिनिअरच्या आधी सांगतात, "आवाज बदललाय." त्यांचं ऐकून वहीत लिहिण्याची पद्धत पाडा. कंपनमापक असेल तर आणखी चांगलं: 15 किलोवॉटपर्यंतच्या लहान यंत्रांना आयएसओ 10816 या जुन्या मानकात सेकंदाला 1.8 मिलिमीटरपर्यंतचं कंपन ठीक मानलं होतं, आणि 4.5 च्या वर गेलं तर यंत्र चालवणं धोक्याचं.

किती दिवसांनी बघायचं?

एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) देताना "दर तीन महिन्यांनी व्हिजिट" असं लिहिलेलं असतं. तीनच महिने का, याचं उत्तर कोणाकडे नसतं. तपासणीचं अंतर भागाच्या आयुष्यावरून ठरत नाही. ते ठरतं पहिली खूण दिसल्यापासून भाग पूर्ण निकामी होईपर्यंत जो अवधी मिळतो त्यावरून. त्या अवधीच्या निम्म्याहून कमी अंतराने बघितलं, तर खूण दिसण्याची किमान एक संधी मिळते आणि काम करून घ्यायला वेळही उरतो.

सील पहिल्यांदा ओलं दिसल्यापासून धार लागेपर्यंत बहुधा काही आठवडे जातात, म्हणून त्याच्याकडे आठवड्यातून एकदा बघायचं. हे वॉचमन करू शकतो. पंपाखाली कोरडा कागद ठेवला तरी भागतं. बेअरिंगच्या आवाजापासून खेळ येईपर्यंत सहसा त्याहून जास्त वेळ मिळतो, म्हणून महिन्याला एकदा. इन्सुलेशन आणखी सावकाश उतरतं, त्याला वर्षातून दोनदा मेगर पुरतो. कोरड्या चालण्याला मात्र मिनिटांचाच अवधी आहे, तिथे तपासणी कितीही वारंवार केली तरी उपयोग नाही. तिथे पाणी नसताना पंप बंद करणारा ड्राय रन प्रिव्हेंटर आणि भूमिगत टाकीतला फ्लोटच हवा. फेज जाण्याचंही तसंच, तिथे एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. माणसाच्या तपासणीने या दोन गोष्टी पकडता येतील असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

कधी बदलायचं: सरासरीच्या नादी लागू नका

समजा, जुन्या बिलांवरून पाच सील अनुक्रमे 16, 19, 21, 23 आणि 26 महिने टिकली असं दिसलं. सरासरी 21. कमिटी म्हणेल, "वीस महिन्यांनी बदलू." ठरवून बदलायचा खर्च 2,500 रुपये धरा. फुटल्यावर होणारा खर्च, म्हणजे बेअरिंग, टँकर, रविवारी बोलावलेला मिस्त्री आणि कधीमधी मोटर भरणं मिळून, 15,000 धरा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बिलांवरून तुमचे टाका.

फुटेपर्यंत वाट पाहिली तर पाच सीलना 75,000 रुपये, 105 महिन्यांत. महिन्याला 714. वीस महिन्यांनी बदलायचं ठरवलं तर 16 आणि 19 महिन्यांची दोन आधीच फुटतात, तीन वेळेवर बदलली जातात: 37,500 रुपये, 95 महिन्यांत, महिन्याला जवळपास 395. पंधरा महिन्यांनी बदललं तर एकही फुटत नाही: 12,500 रुपये, 75 महिन्यांत, महिन्याला 167. आणि अति काळजीपोटी बारा महिन्यांनी बदललं तर 208.

सरासरीपर्यंत थांबलं की जवळपास निम्मे भाग आधीच गेलेले असतात. जितका फुटण्याचा खर्च ठरवून बदलण्याच्या खर्चाहून मोठा, तितकं सरासरीच्या अलीकडे यावं लागतं. पण फार अलीकडे आलं की चांगले भाग फेकण्याचा खर्च चढतो. पाच सीलवरून फार छाती ठोकून बोलता येत नाही, तरी अंदाजापेक्षा हे बरं. वही जशी भरत जाईल तसं अंतर सुधारत न्यायचं. एक-दोन आठवडे इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही.

हा हिशेब फक्त खरोखर झिजणाऱ्या भागांना लागू आहे: सील, बेअरिंग, रबरी रिंग, कॉन्टॅक्टरचे (स्टार्टरमधल्या चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट, फूट व्हॉल्व्हचं वॉशर. प्रिव्हेंटरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड किंवा लेव्हल कंट्रोलर वयाप्रमाणे झिजत नाही, ते कधीही जातं. दर दोन वर्षांनी चालू कार्ड काढून नवीन बसवण्याने काही साधत नाही. एक शिल्लक कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून ते ट्रिप करतं का ते बघा. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी 1978 साली विमानांच्या भागांचा अहवाल दिला, त्यात वय वाढेल तशी बिघाडाची शक्यता स्पष्ट वाढते असे भाग केवळ 11 टक्के निघाले होते. पाण्याच्या पंपात हे प्रमाण नक्कीच जास्त आहे, कारण इथे घासणारे आणि भिजणारे भागच जास्त. तरीही "सगळंच ठरावीक मुदतीने बदला" हा सल्ला इथेही चुकीचाच.

चालू यंत्र उगाच उघडण्याचीही किंमत असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर 50 तासांच्या ठरावीक तपासणीनंतर लगेचच बिघाड वाढलेले दिसले. उघडताना, बसवताना नवे दोष शिरत होते. पंपाच्या बाबतीत हे रोज घडतं. सील बघायला म्हणून उघडलं की जुन्या गॅस्केटवरच परत आवळलं जातं, सीलच्या चकतीला ग्रीसचं बोट लागतं, बेअरिंग हातोडीने आतल्या रिंगऐवजी बाहेरच्या रिंगवर ठोकून बसवलं जातं. म्हणून तपासणी शक्य तेवढी न उघडता करायची.

उघडलाच आहे तर

एकदा मात्र उघडावंच लागलं, तर तीच संधी. पंप उतरवण्याची मजुरी, गच्चीवरचं पाणी बंद ठेवणं, सूचना फलकावर कागद लावणं, हा खर्च एका भागासाठी केला काय आणि तिघांसाठी केला काय, तितकाच. सीलचे पंधरा महिने भरले म्हणून पंप उघडला आणि बेअरिंगच्या ठरवलेल्या मुदतीला चार महिने उरलेत. बेअरिंग आत्ताच बदला. दीड वर्ष उरलं असेल आणि आवाज स्वच्छ असेल तर राहू द्या. ही सीमा कुठे आखायची ते आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण पंप उघडा पडलेला असताना आणि चौथ्या मजल्यावरून फोन येत असताना हा निर्णय नीट होत नाही. माझ्या मते मुदतीचा एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी उरला असेल तर बदलावं. सील-बेअरिंगच्या जोडीत थोडं आणखी सैल हाताने, कारण एक दुसऱ्याला खातं.

रबरी रिंग आणि गॅस्केट तर दर उघडण्याला नवीनच. त्यात वाचवण्यासारखं काही नाही.

स्टार्टर विसरू नका

पंपाकडे सगळे बघतात, पॅनेलकडे कुणी नाही. फ्लोटच्या चालू आणि बंद पातळीत हातभरही अंतर नसेल तर टाकी भरल्यावर पंप पुन्हा पुन्हा चालू-बंद होतो. दर चालू होण्याला मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात, एक पॉइंट नीट टेकत नाही आणि बाहेर तिन्ही फेज ठणठणीत असताना मोटरला दोनच मिळतात. लाइनकडे बसवलेला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हे व्होल्टेज बघून पकडू शकत नाही. करंट बघणाराच पकडतो. घेताना एवढं जरूर विचारा.

आणि ओव्हरलोड रिलेचा काटा बघा. डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरवर तो मोटरच्या पाटीवरच्या करंटएवढा हवा. स्टार-डेल्टामध्ये रिले फेजच्या वायरमध्ये असेल तर त्याच्या 0.58 पट. पुष्कळ ठिकाणी साडेसातच्या मोटरला काटा बारावर सरकवलेला दिसतो, कारण "सारखा ट्रिप होत होता." तो ट्रिप होत होता म्हणूनच मोटर वाचत होती. रिले ट्रिप झाल्यावर एकदा रिसेट करायला हरकत नाही. दुसऱ्यांदा झाला तर वायरमन येईपर्यंत पंप बंद, अशी पाटी पॅनेलवर लावा.

दोन पंप असतील तर

एक चालवायचा आणि दुसरा "इमर्जन्सीला" ठेवायचा, ही एक चूक. न चालणाऱ्या पंपाच्या सीलच्या चकत्या क्षाराने चिकटतात आणि गरजेच्या दिवशी पहिल्याच झटक्यात फाटतात. एक दिवस हा, एक दिवस तो, असे अगदी सारखे चालवणं ही दुसरी चूक, जरी ती न्याय्य वाटली तरी. दोन्ही एकाच वेळी बसवलेले, सारखेच चाललेले, म्हणजे दोन्ही एकाच महिन्यात थकणार. एकाला आठवड्याचे पाच दिवस आणि दुसऱ्याला दोन दिवस द्या. एकाचं काम निघेल तेव्हा दुसरा दमदार असतो, आणि काम झाल्यावर वाटणी उलटी करायची.

आपल्याकडचं वर्ष

वेळापत्रक जानेवारी-एप्रिल-जुलै असं छापील ठेवण्यापेक्षा ऋतूला बांधा. फेब्रुवारीत, टँकर सुरू व्हायच्या आत: भूमिगत टाकी धुऊन तळाची रेती काढणं, फूट व्हॉल्व्ह, ड्राय रन प्रिव्हेंटरची चाचणी. एप्रिल-मे महिन्यांत टाकीची पातळी खाली जाते, कोरडं चालणं तेव्हाच होतं. मेच्या शेवटी मेगर, टर्मिनल बॉक्सचं रबर, केबलच्या ग्लँड, पंपखोलीत पाणी साचतं का आणि मोटर चौथऱ्यावर पुरेशी उंच आहे का. गणपतीच्या आसपास, दमट हवेत, पॅनेल उघडून पॉइंट आणि सैल झालेले स्क्रू. दिवाळीनंतर पुन्हा मेगर, आणि उघडायचं मोठं काम असेल तर थंडीत, जेव्हा पाण्याची ओढ कमी असते.

एएमसीत काय लिहून घ्याल

"पंपाची संपूर्ण देखभाल" या शब्दांना अर्थ नाही. करारात लिहा: दर भेटीत तिन्ही फेजचा करंट आणि व्होल्टेज, टाकी भरण्याचा वेळ, पंपाखालची ओल, दोन्ही बेअरिंगचा आवाज यांची सोसायटीच्या वहीत नोंद; वर्षातून दोनदा मेगर; सील आणि बेअरिंग ठरलेल्या मुदतीला, उघडण्यापूर्वी सेक्रेटरींना कळवून. बेअरिंगचा नंबर आणि मेक बिलावर हवा. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग सोसायटीला परत द्यायचा. कार्बनच्या चकतीवर तडे असतील तर पंप कोरडा चालला, रेषा असतील तर रेती, पांढरा थर असेल तर क्षार, आणि झीज एकाच बाजूला असेल तर शाफ्टला खेळ. त्या चकतीवरून पुढच्या सीलची मुदत पंधराच महिने ठेवायची की कमी करायची, हे ठरवता येतं.